नृत्यपटाची मोहिनी

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, लाटंबार्से हे गाव आहे. पलीकडे दोडामार्ग. डिचोली आणि पेडणे या तालुक्यांच्या पट्ट्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी कालो रंगतो. रंगमंचावर नेपथ्य म्हणून बहुधा एक बाक तेवढा असतो. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. राजा दरबारात येतो, पल्लेदार भाषण करतो, आणि भाषण ऐन भरात आले असता त्याच्या तोंडून पद सुरू होते. दोन वीर एकमेकांस आव्हान देतात आणि पखवाजाच्या बोलांवर तलवारी परजीत गिरक्या घेऊ लागतात. पाहता पाहता युद्धाचे नृत्य होते. समोर घोंगडी अंथरून बसलेल्या प्रेक्षकांपैकी कोणीही असे विचारीत नाही, की बोलता बोलता हा राजा गाऊ का लागला, किंवा लढणारे वीर तालावर पावले का टाकतात. भावना विशिष्ट उंचीवर गेली की शब्द अपुरे पडतात आणि तिथून पुढे सूर व ताल यांचे राज्य सुरू होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

हाच प्रश्न पाश्चात्य समीक्षकांना मात्र गेली कित्येक दशके सतावीत आला आहे. हॉलिवुडच्या नृत्यपटातील नायक रस्त्याने चालता चालता एकाएकी नाचू लागतो, हे त्यांना पटवून घ्यावे लागते. त्यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिले. आपल्या प्रेक्षकाची अडचण निराळी आहे. त्याला या नृत्यपटांचा आनंद चटकन होतो; परंतु तो आनंद कशातून निर्माण झाला, त्याच्यामागे कोणाचे हात आणि कोणाचे पाय राबले, याचा विचार तो सहसा करीत नाही. तो विचार करण्यासारखा आहे. कारण त्या वाटेने गेल्यास हॉलिवुडपासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत, आणि तेथून थेट लाटंबार्शाच्या शेजारच्या बार्देश तालुक्यापर्यंत येऊन पोहोचता येते.

अमेरिकेत १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटाने बोलपटाचे युग सुरू केले, आणि दोनच वर्षांनी ‘द ब्रॉडवे मेलडी’ हा गाण्यानाचण्याचा बोलपट आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळविणारा तो पहिला बोलपट होय. यशाचा गंध लागताच प्रत्येक कंपनी नृत्यपट काढू लागली आणि थोड्याच अवधीत प्रेक्षकांना त्यांचा वीट आला. याचे कारण तांत्रिक होते. त्या काळचा कॅमेरा एवढा आवाज करी, की तो ध्वनिरोधक खोक्यात बंद करून ठेवावा लागे. कॅमेरा हलेना, ध्वनिग्राहकापासून दूर जाता येत नाही म्हणून गाणारा हलेना. मग नाच तो काय होणार? यावर उपाय सापडला तो असा : गाणे आधी ध्वनिमुद्रित करावयाचे आणि नंतर ते ध्वनिवर्धकावर वाजवून त्याबरहुकूम चित्रण करावयाचे. ही युक्ती आज अगदी साधी वाटते. परंतु तिने कॅमेरा आणि नर्तक या दोघांनाही एकाच वेळी बंधमुक्त केले. आपल्याकडील पार्श्वगायनाची सारी इमारत याच पायावर उभी आहे.

१९३३ साली या मुक्त झालेल्या कॅमेऱ्याचे दोन परस्परविरुद्ध उपयोग दिसून आले. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ या चित्रपटात नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली यांनी कॅमेरा छताजवळ नेला आणि खाली नाचणाऱ्या तरुणींच्या समूहाची उमलत्या फुलांसारखी नक्षी करून दाखविली. त्यात एकेका नर्तिकेला महत्त्व नव्हते. ती रांगोळीतील एक ठिपका होती. त्याच वर्षी ‘फ्लाइंग डाउन टु रिओ’ या चित्रपटात फ्रेड ॲस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ही जोडी प्रथम पडद्यावर आली. पुढे या दोघांनी एकूण दहा चित्रपटांत एकत्र काम केले. १९३५ चा ‘टॉप हॅट’ आणि १९३६ चा ‘स्विंग टाइम’ हे त्यांतील विशेष गाजलेले. ॲस्टेअर यांचा आग्रह बर्कलींच्या नेमका उलट होता. नर्तकाचे संपूर्ण शरीर, डोक्यापासून पावलापर्यंत, सतत दिसले पाहिजे. मध्येच चेहरा, मध्येच बूट, मध्येच टाळ्या वाजविणारे प्रेक्षक असे तुकडे पाडू नयेत. आणि शक्य तेवढा नाच सलग चित्रित व्हावा. गवयाची तान मध्येच तोडून दुसऱ्या मैफलीतील तान तिला जोडली तर जसे होईल, तसेच नृत्याचे तुकडे करण्याने होते, हे त्यांनी ओळखले होते.

या सलगतेतून नृत्यपटाचे पहिले रहस्य उलगडते. ॲस्टेअर नाचाला प्रारंभ करतात तो चालण्यातून. पावले साधी पडत असतात. एखादे पाऊल किंचित लांबते, दुसऱ्यावर ठेका पडतो, हातातील काठी जमिनीवर टेकते ती तालात. चालणे कोठे संपले आणि नाच कोठे सुरू झाला, याची सीमारेषा दाखविता येत नाही. उत्तम कीर्तनकाराचे गद्य जसे नकळत गाण्यात मिसळते, तसे ते मिसळणे असते. पाहणाऱ्याला त्या क्षणी असे वाटते, की आपलेही चालणे असेच आहे. फक्त ते एक पाऊल पुढे जावयाचे राहिले आहे. त्या काळी अमेरिकेत भीषण मंदी होती. १९३३ साली तेथील कामकऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. अशा लोकांनी झगमगीत दिवाणखान्यातील हे नाच पाहण्यासाठी रांगा लावाव्यात, याचे नवल वाटते. परंतु त्यांना तो दिवाणखाना आपला वाटत नव्हता. आपली वाटत होती ती पावलांतील मोकळीक.

तीच मोकळीक दिवाणखान्यातून रस्त्यावर आणली ती जीन केली यांनी. पिट्सबर्गसारख्या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात वाढलेला हा नर्तक शेपटीचा कोट आणि उंच टोपी यांच्याऐवजी साधी विजार व सदरा घालून नाचू लागला. १९५२ साली स्टॅन्ली डोनन यांच्यासमवेत त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘सिंगिंग इन द रेन’ हा चित्रपट हॉलिवुडच्या नृत्यपटांचा मुकुटमणी मानला जातो. त्यातील भर पावसातील नाच जगभर ठाऊक आहे. प्रेयसीला दारापर्यंत पोहोचवून नायक परत निघतो, छत्री मिटतो, दिव्याच्या खांबावर चढतो, पदपथाच्या कडेवर तोल सावरतो आणि शेवटी लहान पोराप्रमाणे साचलेल्या पाण्यात थयथय नाचतो. इतक्यात पोलीस समोर येऊन उभा राहतो. नाच थांबतो. प्रौढ माणसाने रस्त्यात नाचू नये, हे जगाचे शहाणपण त्या पोलिसाच्या रूपाने हजर होते. नायक ओशाळवाणे हसतो, छत्री एका वाटसरूला देऊन टाकतो आणि निघून जातो. सारे नृत्य चार-पाच मिनिटांचे. परंतु माणसाला आनंद झाला असता त्याने तो कोठवर दाखवावा, या प्रश्नाचे एवढे निर्मळ उत्तर पडद्यावर क्वचितच दिले गेले असेल.

आता या निर्मळ उत्तरामागील व्यवहार पाहावा. तो पाऊस नळांचा होता. रात्र खोटी होती. दिवसा चित्रण करता यावे म्हणून चित्रनगरीतील रस्त्यावर ताडपत्र्या घालून अंधार केलेला होता. पाण्याची धार कॅमेऱ्याला सहसा दिसत नाही, म्हणून पाठीमागून प्रकाश सोडावा लागला. डबकी आपोआप साचलेली नव्हती. नाचाचे पाऊल जेथे पडणार तेथेच ती तयार करण्यात आली होती. आणि खुद्द केली यांना त्या वेळी सडकून ताप भरलेला होता. याच चित्रपटातील डेबी रेनॉल्ड्स ही नायिका अवघी एकोणीस वर्षांची होती व तिला नृत्याचे शिक्षण नव्हते. ‘गुड मॉर्निंग’ हे नृत्य संपले तेव्हा आपली पावले रक्ताळली होती, असे तिने पुढे सांगितले. पडद्यावर ती तिघे सोफा उलथून पलीकडे उतरतात ती इतक्या हलक्या अंगाने, की हे आपल्यालाही जमेल असे पाहणाऱ्याला वाटावे. श्रम दिसले की कौतुक वाटते. श्रम नाहीसे झाले की आनंद होतो. नृत्यपट हा दुसऱ्या प्रतीचा व्यापार आहे, आणि म्हणूनच तो फार महाग पडतो.

ही मोहिनी मराठी माणसाच्या हातून कशी साकार झाली, हे पाहावयाचे तर ‘सिंगिंग इन द रेन’च्या एक वर्ष आधीचा, १९५१ चा, ‘अलबेला’ हा हिंदी बोलपट डोळ्यांसमोर आणावा लागतो. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक होते भगवान आबाजी पालव, म्हणजेच पुढे सर्वतोमुखी झालेले भगवानदादा. जन्म अमरावतीचा, १९१३ चा. वडील मुंबईत कापड गिरणीत कामगार. भगवान यांनीही प्रथम मजुरी केली. मूकपटांच्या अखेरच्या काळात ते चित्रपटात आले आणि नंतर कित्येक वर्षे हाणामारीचे, कमी खर्चाचे, पिटातल्या प्रेक्षकांचे चित्रपट काढीत राहिले. डग्लस फेअरबँक्स हा हॉलिवुडचा साहसी नट त्यांचा आदर्श होता. एखादा सामाजिक चित्रपट काढून पाहावा, असे राज कपूर यांनी त्यांना सुचविले आणि त्यातून ‘अलबेला’ जन्माला आला. नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्र यांचे.

कथेची चौकट हॉलिवुडला परिचित असलेलीच आहे : रंगमंचामागचे जीवन आणि त्यातून वर येणारा होतकरू कलावंत. परंतु ती चौकट मुंबईच्या मध्यमवर्गीय खोलीत आणून बसविल्याबरोबर तिच्यात निराळेच पाणी भरले. प्यारेलाल हा साधा कारकून. त्याला नाटकात काम करण्याचे वेड. बहिणीच्या लग्नासाठी पैशांची तजवीज त्याच्याकडून व्हावयाची असते. पण नोकरी जाते, रक्कम जमत नाही, घरात भांडण होते आणि मोठा नट होऊन परत येईन असे म्हणून तो बाहेर पडतो. तो खरोखरच मोठा नट होतो. मात्र घरी परततो तेव्हा आई या जगात उरलेली नसते आणि घराची वाताहत झालेली असते. म्हणजे जे नाच पाहून प्रेक्षक बेभान होत, त्यांच्या मागे घरच्या उंबरठ्याचे हे दुःख सतत उभे होते. हॉलिवुडच्या नृत्यपटात नायकाला सामान्यतः प्रेयसी मिळवावयाची असते; ‘अलबेला’तील नायकाला बापाच्या नजरेतील आपली जागा परत मिळवावयाची आहे. मराठी-हिंदी प्रेक्षकाला हा फरक सांगावा लागला नाही.

भगवान यांचे नृत्य म्हणजे काय होते? रूढ अर्थाने ते नृत्यच नव्हते, असेही कोणी म्हणेल. शरीर ठेंगणे व स्थूल. कथकाच्या चकरा नाहीत, भरतनाट्याच्या मुद्रा नाहीत, ॲस्टेअरची सफाईही नाही. कोपरात दुमडलेले हात छातीशी हलत आहेत, खांदे ठेक्यावर वरखाली होत आहेत, गुडघ्यांत किंचित लवचिक झोका आहे आणि पावले जागच्या जागीच पडत आहेत. चेहऱ्यावर मात्र मिस्किल समाधान. एवढ्याच भांडवलावर ‘भोली सूरत’ आणि ‘शोला जो भडके’ ही गाणी त्यांनी देशभर नाचविली. या नाचाचा मोठेपणा त्याच्या थोडकेपणात आहे. ॲस्टेअर पाहताना वाटते, की आपण असे नाचू शकलो असतो तर! भगवान पाहताना वाटते, की आपण असेच नाचतो. ज्याला दहा फूट लांबीच्या खोलीत, लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीच्या दाटीत नाचावयाचे आहे, त्याला हातपाय फेकण्यास जागा नसते. त्या दाटीत जन्मलेली ही शैली होती. चित्रपटगृहात लोक खुर्च्या सोडून उठत व नाचू लागत, असे जुने प्रेक्षक सांगत असत. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचण्यावरही या शैलीची छाया पडलेली जाणकारांनी दाखविली आहे.

परंतु खांदे हलावयाचे तर आधी ठेका हवा. तो कोठून आला? सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रोक्त गायनाचे धडे घेतले होते. भगवान यांचा आणि त्यांचा स्नेह जुना. १९४२ च्या ‘सुखी जीवन’ या भगवान यांच्याच चित्रपटाला त्यांनी संगीत दिले होते. अभिजात संगीताचा पाया पक्का असूनही या माणसाचे कान चारी दिशांना उघडे होते. १९४७ च्या ‘शहनाई’पासून पाश्चात्य नृत्यसंगीताचे ठेके त्यांच्या चालींत खेळू लागले. १९५० च्या ‘समाधि’मधील ‘गोरे गोरे’ या गाण्याची उचल तर ‘डॉल फेस’ या १९४५ च्या हॉलिवुड संगीतपटात कार्मेन मिरांडा यांनी सादर केलेल्या एका गाण्यावरून केलेली होती. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांची योजना त्यांनी केली. हिंदी गाण्याच्या कानाला हा रंग नवा होता.

सी. रामचंद्र यांच्या या नव्या रंगात एका गोमंतकीयाचा मोठा वाटा होता. आंतोनियो शाव्हियेर वाझ हे त्यांचे नाव; बार्देशातील हळदोणे हे त्यांचे गाव. मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदात ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन निग्रो वादकाच्या वळणाचे त्यांचे वादन ऐकण्यास शौकीन गर्दी करीत. सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी अनेक चित्रपटांत काम केले. ‘अलबेला’तील एका गाण्यात तर ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. दुसरा वाटा लता मंगेशकर यांचा. गीता बाली यांच्या ओठांवर त्यांचा सूर होता. त्यांचे वडील दीनानाथ हे मंगेशीचे. देवळाच्या परिसरात वाढलेले आणि ‘बलवंत संगीत मंडळी’च्या रंगमंचावर तळपलेले. म्हणजे ‘अलबेला’च्या नाचाखाली गोव्याचे दोन प्रवाह वाहत होते : एक देवळाच्या मंडपातून आणि संगीत नाटकातून आलेला, दुसरा चर्चच्या वाद्यशाळेतून आलेला. गावात जे दोन सूर क्वचितच एका मांडवाखाली आले असतील, ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात एकाच तबकडीवर उमटले.

चर्चच्या या वाद्यशाळांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या अनुषंगाने मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरलेखन वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकविण्यात येई. गुरूला ‘मेस्त्र’ म्हणत. शिस्त कडक असे. तेथून बाहेर पडलेला मुलगा कागदावर लिहिलेले पाश्चात्य संगीत पाहताक्षणी वाजवू शके. गावात उपजीविकेचे साधन नाही, म्हणून असे शेकडो वादक मुंबईला गेले, धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या ‘कुडां’त राहिले आणि हॉटेले, नृत्यगृहे व मूकपटांची थिएटरे येथे वाजवू लागले. स्वातंत्र्यानंतर युरोपीय गिऱ्हाईक गेले, दारूबंदी आली, हॉटेलांतील काम आटले आणि हे वादक चित्रपटांकडे वळले. चित्रपटांच्या संगीतकारांना त्यांची गरज होतीच. चाल संगीतकाराची असे. परंतु चाळीस-पन्नास वादकांनी नेमके काय वाजवावे हे लिहून काढणारा मनुष्य बहुधा गोमंतकीय असे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे थोर गुरू. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात त्यांचे नाव गुंफून गुरुऋण फेडले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी पुढे १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोकणी बोलपट निर्माण केला. मात्र यांतील बहुतेकांची नावे चित्रपटाच्या नामावळीत एकतर साहाय्यक म्हणून येत किंवा येतच नसत.

येथे नृत्यपटाचे दुसरे, आणि काहीसे अप्रिय, रहस्य समोर येते. श्रम लपविण्याच्या या कलेत श्रम करणारेही लपून जातात. ‘सिंगिंग इन द रेन’ची कथाच मुळी यावर बेतलेली आहे : मूकपटातील एका रूपवती नटीचा आवाज कर्कश, म्हणून पडद्यामागे दुसऱ्या तरुणीला तिच्यासाठी बोलावयास व गावयास लावतात आणि शेवटी पडदा वर ओढून खरी गायिका जगाला दाखवितात. गंमत अशी, की त्या गायिकेचे काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स यांना स्वतःलाही काही गाण्यांसाठी दुसऱ्याच स्त्रीचा आवाज देण्यात आला होता, आणि त्या स्त्रीचे नाव नामावळीत नव्हते. बुटांच्या ठेक्याचे जे नृत्य हॉलिवुडने जगभर नेले, त्याची घडण बव्हंशी अमेरिकेतील निग्रो नर्तकांनी केलेली होती. निकोलस बंधूंसारखे अलौकिक नर्तक मात्र चित्रपटात बहुधा स्वतंत्र प्रवेशापुरते येत. दक्षिणेकडील चित्रपटगृहांत तेवढाच भाग कापून टाकता यावा, ही त्यामागील सोय होती. आपल्याकडेही आरंभी तबकडीवर पार्श्वगायिकेऐवजी चित्रपटातील पात्राचे नाव छापले जाई. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर लता मंगेशकर यांच्या जागी ‘कामिनी’ हे नायिकेच्या भूमिकेचे नाव होते. श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा कोठे खरे नाव जाहीर झाले. गायिकांना पुढे न्याय मिळाला. ट्रम्पेट वाजविणाऱ्याला तो फारसा मिळाला नाही.

अशा संगीतावर टीकाही झाली. परकीय ठेक्यांनी आपली अभिरुची बिघडेल, अशी चिंता अनेक जाणत्यांना वाटे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे नभोवाणीखात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मग रेडिओ सिलोनकडे कान वळविले. १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू झाली, तेव्हा ही गीते स्वगृही परतली. केसकरांचा हेतू अभिजात संगीताच्या रक्षणाचा होता व त्यासाठी आकाशवाणीने केलेले कार्य मोठे आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु सूर सरहद्दीवर अडविता येत नाहीत, हेही त्या वर्षांनी दाखवून दिले. लाटंबार्से आणि दोडामार्ग यांच्यामध्ये १९६१ च्या डिसेंबरपर्यंत दोन राज्यांची सीमा होती. १९५५ नंतर तर ती फारच कडक झाली. माणसांना परवाने लागत होते. आकाशातून येणाऱ्या ध्वनिलहरींना ते लागत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नृत्यपट हे पलायन आहे, दुःखाकडे पाठ फिरविण्याची शिकवण आहे, असे म्हटले जाते. पुष्कळ नृत्यपटांच्या बाबतीत हे खरेही आहे. त्यांत भपका असतो, नायिका शोभेची असते, आणि चित्रपटगृहाबाहेर पडताच सारे विसरले जाते. परंतु उत्तम नृत्यपटाची कसोटी याच ठिकाणी लागते. त्यातील नाच दुःख विसरावयास लावीत नाही. दुःख असूनही शरीराला काय करता येते, ते दाखवितो. आपल्या परंपरेला हे नवे नाही. पौषातील चांदण्या रात्री धालो खेळावयास मांडावर येणाऱ्या गोमंतकीय स्त्रिया दिवसभर शेतात राबलेल्या असतात. शिगम्याच्या रोमटात ढोलताशांवर नाचणारा गडी दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचाच असतो. शाकुंतलातील पदाला वन्समोअर देणाऱ्या प्रेक्षकांनी कथा थांबली म्हणून कधी तक्रार केली नाही; कारण कथा जेथे न्यावयाची, तेथेच ते पद त्यांना घेऊन गेलेले असे. आनंद ही जबाबदारीतून मिळालेली सुटी नसून जबाबदारी उचलण्याचे बळ आहे, हे या लोकांना अनुभवाने कळलेले होते.

‘अलबेला’च्या यशाने भगवान यांच्याकडे अमाप पैसा आला. जुहूला बंगला झाला, दाराशी मोटारींची रांग लागली. पुढे ‘झमेला’ आणि ‘लाबेला’ हे त्याच धर्तीचे चित्रपट आले, पण तो योग पुन्हा जुळला नाही. एकदा साधलेली सहजता ठरवून आणू गेल्यास येत नाही, हे हॉलिवुडनेही पुढील काळात कोट्यवधी डॉलर घालवून अनुभवले. बंगला गेला, मोटारी गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले. चित्रपटांत मिळतील त्या लहानसहान भूमिका त्यांनी केल्या, आणि त्यांतही नाचाची दोन पावले टाकावयास मिळाली की त्यांची मुद्रा पूर्वीसारखीच उजळत असे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ साली ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटाने त्यांची जीवनकथा नव्या पिढीसमोर आणली. त्यांच्या उतारवयात गणेशविसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या चाळीसमोर थांबत आणि ‘भोली सूरत’ची चाल वाजवून मगच पुढे जात, असे सांगतात. ज्या दाटीतून ती शैली निघाली, तिनेच ती परत स्वीकारली होती आणि तिचा धनी कोण हेही ती विसरली नव्हती.

चिक चॉकलेट १९६७ सालीच निवर्तले. त्यांच्यासाठी कोणती मिरवणूक थांबणार? तरीही ‘अलबेला’ आज पाहावयास मिळतो आणि त्यात ते आहेत. जो कोणी तो चित्रपट पुन्हा पाहील, त्याने एखाद्या गाण्यात नायकनायिकेवरची नजर क्षणभर काढून मागच्या बाजूस न्यावी. झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक तेथे उभे आहेत. हळदोण्याच्या त्या माणसाच्या ट्रम्पेटमधून जो श्वास निघाला, त्याच्यावर भगवान यांचे खांदे हलले, आणि त्यांच्या खांद्यांबरोबर पुढे साऱ्या देशाचे. नाच पाहताना एवढे ध्यानात राहिले, तर आनंद तिळभरही कमी होणार नाही. उलट त्या आनंदात आणखी काही माणसे सहभागी झाल्यासारखे वाटेल.